शालनताई पाण्यात उतरल्या

शालनताई परुळेकरांचे कोपर आमच्या मंडळात कोणी पाहिले नव्हते. हाउन्सलोतल्या त्या हीटिंग बिघडलेल्या हॉलमध्ये हे कुणाच्या लक्षात येण्यासारखं नव्हतंच म्हणा. तिथे ऑगस्टातसुद्धा आम्ही बायका पैठणीवर कार्डिगन चढवून बसायचो. पण एका वर्षी लंडनमध्ये खराखुरा उन्हाळा पडला. पुरुषांनी टाय सोडले, बायकांनी स्लीव्हलेस काढले, आणि शालनताई मात्र मनगटापर्यंत बाह्यांचा ब्लाउज, पायात जाड मोजे आणि गळ्याशी ब्रोच लावून घट्ट बसवलेला पदर, अशाच आल्या. कुणीतरी विचारलं, "अहो ताई, उकडत नाही का?" तर म्हणाल्या, "मी मालवणची. आमच्याकडे फक्त तांदूळ उकडतात."

त्या बाह्यांखाली काय होतं हे अख्ख्या इंग्लंडात दोघींना माहीत होतं. एक त्या स्वतः. दुसरी मी, कारण मी त्यांची डॉक्टर होते. पुढे ते सगळ्यांना कळलं, ते माझ्यामुळे. एवढं वाक्य लिहायला मला अर्धं आयुष्य लागलं. आता लिहून झालंय, तर त्यांच्याविषयी जरा मोकळेपणानं सांगता येईल.

शालनताई विमानतळावर नोकरीला होत्या, एका विमान कंपनीच्या हरवलेल्या सामानाच्या खात्यात. भावामागोमाग इंग्लंडात आल्या; भाऊ कॅनडाला निघून गेला, या राहिल्या. लग्न केलं नव्हतं. का नाही, हे विचारायची छाती कोणाची नव्हती, कारण विचारणाऱ्यालाच त्याच्या लग्नाबद्दल चार प्रश्न परत यायचे.

त्यांची काम करायची एक स्वतःची पद्धत होती. बॅग हरवलेला माणूस काउंटरवर आला की बाकीचे त्याच्यापुढे फॉर्म सरकवायचे: रंग कोणता, चाकं किती, कुलूप आहे का. ताई फॉर्म बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, "बॅग उघडल्यावर सगळ्यात वर काय दिसेल?" काळी बॅग प्रत्येकाचीच असते, असं त्यांचं म्हणणं. पण कपडे भरून झाल्यावर, दार ओढायच्या आधी माणूस जे शेवटचं कोंबतो, ते ज्याचं त्याचं असतं. एकदा एक सुटाबुटातला साहेब काउंटरवर मुठी आपटत होता. "तुम्हाला माहीत आहे का मी कोण आहे?" ताईंनी शांतपणे विचारलं, "वर काय आहे?" साहेब लाल झाला. मग हळूच म्हणाला, "गरम पाण्याची रबरी पिशवी. लोकरीच्या कव्हरातली." बॅग तासाभरात सापडली. "कव्हरावर ससा होता," ताई मंडळात सांगायच्या, "पण तेवढं मी त्याच्या तोंडावर बोलले नाही. माणसाची काही लाज राखायला हवी."

जपानी बाईंची गोष्ट याच पद्धतीतून निघाली. किकुए नावाच्या एक वयस्क बाई मुलीच्या लग्नाला लंडनला आल्या, आणि बॅग आली नाही. लग्न दोन दिवसांवर. इंग्रजी शून्य. वर काय आहे, या प्रश्नावर त्यांनी दोन्ही तळहात जोडून माशासारखे हलवून दाखवले. ताई तडक मागच्या कोठारात गेल्या. तिथे एक बॅग कोपऱ्यात वेगळी टाकलेली होती. आत काहीतरी कुजलंय, जाळून टाका, अशी चिठ्ठी लावून. ताई वाकल्या, वास घेतला आणि सुपरवायझर कॉलिनला हाक मारली. "सुक्या मासळीचा वास आणि कुजल्याचा वास यातला फरक ज्याला कळत नाही, त्याला लोकांचं सामान जाळायचा अधिकार कोणी दिला?" हे आपण इंग्रजीत म्हणालो असं त्या सांगत. त्यांचं इंग्रजी मी ऐकलेलं आहे. ते त्यांनी मराठीतच म्हटलं असणार, आणि कॉलिनला सगळं समजलं असणार.

मासळीच्या खाली रेशमी कापडात किकुएबाईंच्या स्वतःच्या लग्नातला किमोनो होता. ताई ड्यूटी संपल्यावर ती बॅग घेऊन ट्यूब रेल्वेनं स्वतः त्यांच्या हॉटेलवर गेल्या. किकुएबाईंनी त्यांना कमरेत इतकं वाकून नमस्कार केला की ताईंना वाटलं, यांचं काहीतरी खाली पडलंय. त्यानंतर दर नव्या वर्षी एक कार्ड यायचं. त्यावर तोच फोटो: समुद्र, काळे खडक, एक लाकडी दुमजली घर, आणि घराच्या मागून उठणारी वाफ. जपानच्या एका लांबच्या बेटावर किकुएबाईंचं गरम पाण्याच्या झऱ्यावरचं छोटं हॉटेल होतं. खाली लंडनला राहणाऱ्या मुलीच्या हातचं इंग्रजी: आई विचारते, तुम्ही आंघोळीला कधी येणार?

शालनताईंनी ती सगळी कार्डं फ्रिजच्या दाराला लावून ठेवली होती. येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायच्या. आपण जाणार असं मात्र कधी म्हणायच्या नाहीत. याचं कारण मला नंतर कळलं.

एकदा कामावर थर्मास फुटून उकळता चहा त्यांच्या हातावर सांडला. त्या माझ्या सर्जरीत, म्हणजे दवाखान्यात, आल्या. बाही कापावी लागणार होती. त्यांनी मला थांबवलं, उठून दाराची कडी लावली, आणि मग हात पुढे केला. कोड होतं. मनगटाच्या दोन बोटं वरून सुरू झालेलं, खांद्यापर्यंत गेलेलं. "पाठीवर आहे, पायांवर आहे," त्या म्हणाल्या. "तोंडावर तेवढं देवानं ठेवलं नाही. आईशिवाय कोणी बघितलेलं नाही. आता तू."

"शालनताई, मी डॉक्टर आहे."

"हो गो, म्हणून तर आले. नाहीतर तू मंडळातली आहेस."

मी तेव्हा हाउन्सलोत नवी होते. मंडळात प्रधानवहिनींचा शब्द चालायचा. यजमान कन्सल्टंट, घरी गालिचे, आणि दिवाळीला कोणाला बोलवायचं याची यादी वहिनींच्या हातात. मला त्या यादीत यायचं होतं. दुसरं कुठलंही मोठं कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

वहिनींचा एक भाऊ रीडिंगला कंप्यूटर कंपनीत होता. बायको जाऊन काही वर्षं झालेली, माणूस सरळ. कोजागिरीला त्यानं शालनताईंना गोष्ट सांगताना ऐकलं, पोट धरून हसला, आणि बहिणीला विचारलं की या कोण. चार दिवसांनी वहिनी माझ्या स्वयंपाकघरात उभ्या. "तू त्यांची डॉक्टर ना गं? तब्येत वगैरे ठीक आहे ना त्यांची?"

मी कोड हा शब्द उच्चारला नाही. उजव्या हाताचा तळवा डाव्या खांद्यापासून मनगटापर्यंत एकदा फिरवला, आणि म्हटलं, "आधी नीट बघून घ्या." बस. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत राहिले की मी काही सांगितलं नव्हतं.

रीडिंगचं स्थळ कुठेतरी विरून गेलं. आणि पुढच्या गणपतीला, जिथे दर वर्षी नैवेद्याच्या मोदकांची उकड शालनताई काढायच्या, तिथे दुसरंच कोणी उभं होतं. शालनताईंना म्हणे यंदा रांगोळी दिली होती, त्यांचा हात चांगला म्हणून. सिंकपाशी एक जण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "डॉक्टर, हे पसरत नाही ना हो?" मी म्हटलं, "छे, शास्त्रीयदृष्ट्या तसं काही नाही. पण आता कुणाच्या मनात आलं असेल तर…" त्यांना डॉक्टरची परवानगी हवी होती. ती त्या 'पण'मध्ये मिळाली.

शालनताई बाहेर जमिनीवर बसून रांगोळी काढत होत्या. इतकी सुरेख काढली की दुसऱ्या दिवशी हॉलचा केअरटेकर हातात झाडू घेऊन नुसताच उभा राहिला. त्या पुढेही दर वर्षी आल्या. दर वर्षी रांगोळी. माझ्याशी वागणं जसंच्या तसं, त्याच थट्टा. ते मला शिक्षेसारखं वाटायचं, आणि ती शिक्षा पुरेशी आहे असंही मी ठरवून टाकलं होतं.

नव्वद सालानंतर कधीतरी त्यांची मालवणची आई गेली. कंपनीच्या लोकांना वर्षातून एकदा सवलतीचं तिकीट मिळे, सोबत एका माणसाचं. अट एवढीच, की विमानात जागा उरली तर बसायचं, नाहीतर बॅग घेऊन घरी. दर वर्षी ताई या तिकिटावर आईकडे जायच्या. त्या वर्षी मला फोन आला.

"विद्या, पासपोर्ट चालू आहे ना तुझा?"

"आहे. का हो?"

"जपानला जायचंय. आंघोळीला."

मी आ वासला.

"तोंड मिट," त्या म्हणाल्या. "फोनमधनं दिसतंय."

तीन दिवस आम्ही विमानतळावर जागेची वाट बघितली. दोन विमानं भरून गेली. तिसऱ्यात जागा मिळाली ती अगदी मागच्या रांगेत, आणि ताई अशा ऐटीत बसल्या की एअरहोस्टेसनं विचारलं, या कंपनीच्या डायरेक्टर आहेत का. तिथून पुढे रेल्वे, मग रात्रभराची बोट. सकाळी डोळे उघडले तर तेच काळे खडक आणि तीच वाफ, फक्त आता तिला वास होता, गंधकाचा. धक्क्यावर किकुएबाई उभ्या होत्या. यावेळी ताईंनीही कमरेत वाकून नमस्कार केला, आणि दोघी एकमेकींच्या वर यायची वाट बघत बराच वेळ तशाच राहिल्या.

हॉटेल म्हणजे दहाएक खोल्या. जमिनीवर चटया, त्यावर गाद्या, जेवायला तीनदा मासे. शालनताई जेवणावर जाम खूष. "तिखट सोडलं तर सगळं आपलंच आहे." किकुएबाईंच्या मुलीनं लंडनहून नियमांचं पत्र आधीच पाठवलं होतं. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग कुंडात उतरायचं. कुंडात अंगावर काहीही चालणार नाही. कपडा नाही, पोहण्याचा पोशाख नाही. हातात एक छोटा टॉवेल, तोही पाण्यात बुडवायचा नाही. ताईंनी हे हाउन्सलोत वाचलेलं होतं. माहीत असून आल्या होत्या.

पण पहिल्या दिवशी त्यांना सर्दी झाली. दुसऱ्या दिवशी डोकं दुखलं. त्या ओल्या फडक्यानं खोलीतच अंग पुसून घ्यायच्या आणि खिडकीशी बसून वाफ बघायच्या. मी एकटी जाऊन आले, लाजत, भिंतीला चिकटून. किकुएबाई दोनदा दाराशी आल्या, आंघोळीची खूण केली, आणि ताईंनी नाकाला रुमाल लावून दाखवला. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला विचारलं, "तिथे गर्दी कधी असते?"

मला वाटलं, मला समजलं. मी म्हटलं, "पाच वाजता. समुद्रावरून गावातल्या बायका येतात. पण दुपारी दोनला चिटपाखरू नसतं. तुम्ही तेव्हा जा, मी दाराशी उभी राहते. कोणाला आत सोडत नाही."

ताई म्हणाल्या, "एकटीनंच आंघोळ करायची तर हाउन्सलोला माझी बाथरूम आहे की. कडीसुद्धा आहे तिला."

"आणि कोणी उठून गेलं तर?"

"जाईल. मला एकदा माझ्यासमोर उठून गेलेलं बघायचंय. इतकी वर्षं सगळे माझ्या मागल्या मागं गेले."

पाच वाजता आम्ही न्हाणीघरात गेलो. ताईंनी साडी, परकर, ब्लाउज, मोजे, एकेकाची घडी घालून टोपलीत ठेवलं. ब्रोच वरच ठेवला. घड्या नीट होत्या. मी डॉक्टर आहे, असंख्य अंगं पाहिलीत, तरी त्यांच्याकडे बघतच राहिले. पाठीवर, दंडांवर, मांड्यांवर ते पांढरं पसरलं होतं. नकाशात असतं तसं, जमीन थोडी आणि समुद्र जास्त. त्यांनी टॉवेल हातात घेतला. अंगासमोर धरला नाही. दार सरकवलं.

आत सातआठ बायका होत्या. त्यांनी बघितलं नाही असं मी म्हणणार नाही. सगळ्यांनी बघितलं, वरपासून खालपर्यंत. ताई भिंतीशी गेल्या. तिथे ओळीनं बुटकी लाकडी स्टुलं आणि छोट्या बादल्या ठेवलेल्या. त्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्यांदाच नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अगं, हा तर आपला पाट, आणि ही बादली. उगीच घाबरवलंन त्या पोरीच्या पत्रानं!" आणि पाणी ओतून घ्यायला सुरुवात केली.

मागचं दार सरकलं. किकुएबाई. त्याही आंघोळीच्याच वेषात, म्हणजे कुठल्याच नाही. त्या ताईंच्या मागे येऊन बसल्या, पाठीकडे बोट दाखवलं, काहीतरी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता टॉवेलला साबण लावून पाठ चोळायला लागल्या. आईनंतर त्या पाठीला कोणाचा हात लागला नव्हता. ताईंचे खांदे आधी कानांपर्यंत वर गेले. मग थोडे खाली आले. मग पूर्ण.

त्या कुंडात उतरल्या. कोपऱ्यात मोठ्या शहरातून आलेली एक पाहुणी बसली होती. ती उठली, टॉवेल छातीशी धरला आणि निघून गेली. कदाचित तिची आंघोळ झाली असेल. आम्हाला कधीच कळलं नाही. ताई मान वळवून तिला बघत राहिल्या, ती पायऱ्या चढेपर्यंत, दार सरकवेपर्यंत, दार पुन्हा लागेपर्यंत.

"गेली," त्या मला म्हणाल्या. "बघितलंस? एवढंच असतं ते." आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसल्या.

जरा वेळानं एक धिप्पाड कोळीण पाण्यातून बाहेर आली, ताईंसमोर काठावर पाठ करून बसली आणि आपला टॉवेल मागे त्यांच्या हातात दिला. ताईंना सांगावं लागलं नाही. दिवाळीच्या आंघोळीला रगडावं तशी त्यांनी ती पाठ रगडली. कोळीण कण्हली, हसली, ओरडून बाकीच्यांना काहीतरी म्हणाली. मग दुसरी येऊन बसली. मग तिसरी. चौथीला ताई म्हणाल्या, "थांब गो बाये, दमले," आणि चौथीलाही ते समजलं, पण ती उठली नाही.

आजूबाजूला कोणालाच मराठी येत नव्हतं. कबुलीजबाबाला याहून सोयीची जागा मिळाली नसती. मी म्हटलं, "शालनताई, प्रधानवहिनींना मी सांगितलं होतं."

"सांगितलंस? तू तर म्हणे नुसता हात फिरवलास."

गरम पाण्यात मला काटा आला. "तुम्हाला कोणी…"

"त्यांच्या भावानं. आला होता काउंटरवर. म्हणाला, बहीण असं असं म्हणते. मी म्हटलं, खरं आहे. तो म्हणाला, मला चालेल. मी म्हटलं, मला नाही चालणार, बहिणीला विचारत फिरणारा." त्यांनी तोंडावर पाणी मारलं. "माका ठावक होता गो, सगळा. लग्नाचं काही वाटलं नाही मला. मोदकांचं मात्र लागलं. माझे मोदक चांगले होत."

"मग मला का आणलंत सोबत?"

"मला बघितलेलं माणूस इंग्लंडात एकच होतं. दुसऱ्या कोणाला पहिल्यापासून दाखवत कुठे बसू?"

"ताई, मला माफ…"

"माफीबिफी राहू दे. पाठ फिरव."

मी पाठ फिरवली. त्यांनी ती अशी घासली की मला दोन दिवस उताणं झोपता आलं नाही.

पुढचं आधी सांगून टाकते. त्या वर्षीच्या गणपतीला शालनताई कोपरापर्यंतच्या बाह्यांचा ब्लाउज घालून सरळ हॉलच्या किचनमध्ये शिरल्या आणि पदर खोचला. प्रधानवहिनी दारात थिजल्या. "वहिनी, सारण तुम्ही करा, उकड मी काढते," ताई म्हणाल्या. "ज्यांना चालत नसेल त्यांच्यासाठी केळी आणलीत. बाहेर टेबलावर आहेत." मोदक एकही उरला नाही. केळी दुसऱ्या दिवशी काळी पडली, ती मी टाकली. त्या दिवशी मी सगळ्यांसमोर म्हणायला हवं होतं, की हे पसरत नाही, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि बोभाटा मी केला. म्हटलं नाही. मान खाली घालून मोदक वळत राहिले. म्हणून आता लिहिलं. मंडळातलं कोणी वाचत असेल, तर वाचावं.

पण शालनताई म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर ते किचन येत नाही. माझी रजा संपली होती, मला सर्जरीत परतायचं होतं. ताईंनी धक्क्यावर यायला साफ नकार दिला. "मी पुढच्या आठवड्याच्या बोटीनं येते. तुझ्या बोटीच्या वेळेला आमची सकाळची आंघोळ असते." आमची म्हणजे त्यांची आणि कोळणींची. हॉटेलच्या खाली, समुद्राच्या काठच्या खडकांत एक उघडं कुंड होतं. तिथे बायका पंचे गुंडाळून बसत.

बोट सुटली. मी डेकवर उभी होते. माझ्या बाजूला माशांचे क्रेट, टपालाच्या थैल्या, टोपी घातलेले एक म्हातारे गृहस्थ आणि चारपाच खलाशी. बोट खडकांच्या जवळून जायला लागली तेव्हा वाफेत डोकी दिसली, पाच की सहा. त्यातलं एक उठलं. शालनताई गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या, छातीशी पंचा बांधलेला, आणि दोन्ही हात पूर्ण वर करून हलवायला लागल्या. सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर होतं. काळं, पांढरं, सगळं लांबूनसुद्धा स्वच्छ दिसत होतं. डेकवरचे सगळे तिकडे वळले. त्या मोठ्यानं काहीतरी ओरडत होत्या, इंजिनाच्या आवाजात मला एक शब्द कळला नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी टोपी काढून हलवली. कॅप्टननं भोंगा दिला. तशा बाकीच्या बायकाही उभ्या राहिल्या.

बोट खडकाला वळसा घालेपर्यंत त्या खाली बसल्या नाहीत.